घोडे, कर आणि देवावरचा भरवसा

१९६१च्या वसंतात पेनसिल्व्हानियातल्या न्यू विल्मिंग्टनजवळ व्हॅलेंटाईन बायलर हा आमिश या ख्रिस्ती पंथातला शेतकरी नांगरणी करत होता. अमेरिकी कर खात्याची माणसं शेतात आली आणि त्याचे तीन घोडे जप्त करून घेऊन गेली, तेही ऐन पेरणीच्या तोंडावर. बायलर करबुडवा नव्हता. बाकीचे कर आमिश लोक मुकाट्याने भरतात. त्याने नाकारला होता फक्त सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाचा कर. त्याच्या लेखी तो विम्याचा हप्ता होता, आणि विमा उतरवणं म्हणजे देवावर आणि मंडळीवर (म्हणजे आपल्या चर्चच्या समाजावर) भरवसा नसल्याची कबुली.

सरकारी आरोग्यसेवा बरी की खासगी विमा, हा वाद एरवी खर्चाच्या आकड्यांवर लढला जातो. आमिशांनी दोन्ही नाकारून तो भलत्याच ठिकाणी नेऊन ठेवला: आजाऱ्याचं बिल भरणारा त्याचा कोण लागतो? खासगी विम्यात कोणीच नाही. तिथे करार असतो, आणि कायद्याने अडवलं नाही तर वय व जुना आजार पाहूनच हप्ता ठरतो. सरकारी योजनेत भरणारा देशबांधव असतो खरा, पण जन्मात न भेटलेला. आमिश म्हणतात, तो शेजारीच असायला हवा.

दवाखान्याशी मात्र त्यांचं वैर नाही. शस्त्रक्रिया करून घेतात, बिल रोख चुकवतात, रुग्णालयाशी घासाघीस करून सवलत मिळवतात. कुटुंबाला झेपलं नाही तर मंडळी वर्गणी काढते. मोजक्या पूर्वजांचा वंश असल्याने काही दुर्मिळ आनुवंशिक आजार त्यांच्यात जास्त आढळतात. डॉ. होम्स मॉर्टन यांनी १९८९ मध्ये अशा मुलांसाठी क्लिनिक सुरू केलं, तेव्हा पेनसिल्व्हानियातल्या स्ट्रासबर्गमधली त्याची लाकडी इमारत आमिश आणि त्यांच्याच नात्यातल्या मेनोनाइट पंथाच्या शेजाऱ्यांनीच उभारली. क्लिनिकच्या खर्चासाठी गोधड्या आणि फर्निचरचे लिलाव होतात.

सरकार अखेर नमलं. ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली आणि त्याच कायद्यात आमिशांना सोशल सिक्युरिटीच्या करातून सवलत मिळाली. वृद्धांना सरकारी उपचारांचा हक्क देणारा कागद आणि तो हक्क सोडू देणारा कागद एकच! अटी मात्र कडक होत्या. पंथ १९५०च्या अखेरीपासून अखंड चालत आलेला हवा, त्याने आपल्या परावलंबी माणसांची खरोखर सोय केलेली हवी, आणि अर्जदाराने सगळ्या लाभांवर पाणी सोडायला हवं. नुसती श्रद्धा पुरत नव्हती, तिचा जमाखर्चही दाखवावा लागत होता.

सवलत होती ती स्वतःचा धंदा करणाऱ्याला. एडविन ली या आमिश सुताराने कामावरच्या माणसांपोटीही कर नाकारला, तेव्हा १९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. ज्याला वाटेल त्याने बाहेर पडावं म्हटलं तर ही व्यवस्था टिकणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. (आमिश मालकाकडच्या आमिश कामगारांना अमेरिकी काँग्रेसने पुढे १९८८ मध्ये सूट दिली.) न्यायालयाचं म्हणणं पटण्यासारखं आहे. धडधाकट माणसं निघून गेली की उरलेल्या आजाऱ्यांचा भार वाढतो. खासगी विम्याची जुनी दुखरी नस हीच.

मग शेजारधर्म आणि सरकार यांत वैरच असतं का? वेल्समधलं ट्रेडेगर वेगळं सांगतं. तिथले खाणकामगार पगारातून ठरावीक पेनी मेडिकल एड सोसायटीत टाकत आणि गावाच्या औषधपाण्याची सोय होई. त्याच गावचा अन्युरिन बेव्हन आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनभर राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. गावचा फंड देशाचा झाला. यात काहीतरी हरवलं, हे मान्य करावं लागेल: कर भरणाऱ्याला आजाऱ्याचं नाव कळत नाही, आणि आजाऱ्यालाही कुणाचे आभार मानावेत ते उमगत नाही. पण आभार मानावे न लागणं हेही लहानसहान सुख नव्हे.

आमिशांच्या व्यवस्थेत ते सुख नाही. तिथली मदत सभासदत्वाला बांधलेली असते. एखाद्या तरुणाने मंडळी सोडली की कायद्याने त्याची सवलत संपते आणि इतरांसारखा त्याचाही कर कापला जाऊ लागतो. दहा वर्षं तो भरला, की पासष्टाव्या वर्षी मेडिकेअरमधलं रुग्णालयाचं संरक्षण त्याला वेगळा हप्ता न देता मिळतं. त्या अर्जात त्याचा पंथ कोणी विचारत नाही.