चारचौघांतला पाचवा

सेन्सरला मराठीत ‘संवेदक’ म्हणतात. कार्यालयीन मजकुराचा अनुवाद करताना हा शब्द मी अनेकदा लिहिला आहे आणि दर वेळी तो मला थोडा खटकला आहे. ज्या ‘विद्’ धातूपासून तो आला, त्याच धातूपासून ‘वेदना’ही आली. जाणणं आणि दुखणं ही एकाच कुळातली. चौकातल्या खांबावरचं यंत्र यांतलं फक्त पहिलं करतं. माणसं किती, वाहनं किती, हवा कशी, हे ते टिपतं. पण त्याचं त्याला काही वाटत नाही. मग त्या जाणण्याची जबाबदारी कुणी घ्यायची?

या प्रश्नाकडे पाहायला मराठीतली दोन शब्दयोगी अव्ययं मला उपयोगी पडली आहेत. ‘आईकडे लक्ष ठेव’ आणि ‘त्या माणसावर लक्ष ठेव.’ लक्ष तेच. पण ‘कडे’मध्ये काळजी आहे, ‘वर’मध्ये संशय. हिंदीत यासाठी ‘का ध्यान रखना’ आणि ‘पर नज़र रखना’ असे दोन निराळे प्रयोग लागतात. मराठी एकाच शब्दावर भागवते, आणि रोजच्या बोलण्यात हा भेद पुसटही होतो. शहरांच्या बाबतीत तो तसाच पुसट होतो आहे.

अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहराचं उदाहरण घ्या. 2016 साली तिथल्या नगर परिषदेने रस्त्यावरच्या दिव्यांवर संवेदक बसवायला मंजुरी दिली. वीज वाचेल, रहदारी आणि पार्किंग मोजता येईल, असं सांगितलं गेलं. तीन हजारांहून अधिक खांबांवर हे संच बसले. त्यांत कॅमेरेही होते. 2018 पासून पोलीस त्यांतलं चित्रण तपासासाठी वापरू लागले. नागरिकांना हे नीट कळेपर्यंत आणखी काळ गेला. विरोध वाढला तेव्हा 2020च्या सप्टेंबरमध्ये महापौरांनी कॅमेरे बंद करण्याचा आदेश दिला. मग ध्यानात आलं की दिवा आणि कॅमेरा एकाच विजेवर चालतात. कॅमेरा बंद करायचा तर रस्ता अंधारात ठेवावा लागेल.

या चित्रणामुळे गंभीर गुन्ह्यांच्या तपासाला मदत झाली, असं पोलिसांचं म्हणणं होतं. ते खोटं मानायचं मला कारण दिसत नाही. रात्री उशिरा स्टेशनवरून एकटीने परतताना मलाही खांबावरचा कॅमेरा हवासा वाटला आहे. तेव्हा प्रश्न गुन्हेगार सापडण्याचा नाही. दिव्यासाठी दिलेली संमती पहाऱ्यासाठी वापरली गेली, हा आहे. आणि रस्त्यावर संमती देण्याची सोयच नसते. मोबाइलवर निदान ‘मान्य आहे’ हे बटण तरी असतं. रस्त्याला पर्याय नसतो. भाजी आणायची तर चौकातूनच जावं लागतं.

सार्वजनिक जागेत आलात म्हणजे पाहिलं जाणं आलंच, असं यावर म्हटलं जातं. ते अर्धं खरं आहे. मराठीत अशा ठिकाणी असण्याला ‘चारचौघांत’ असणं म्हणतात. त्या चौघांची नजर माझ्यावर असते, तशी माझीही त्यांच्यावर असते. कुणी टक लावून पाहू लागला तर ‘काय पाहतोस?’ असं विचारता येतं. जेन जेकब्स यांनी 1961च्या आपल्या पुस्तकात रस्त्याच्या सुरक्षिततेचं श्रेय ज्या डोळ्यांना दिलं, ते दुकानदारांचे, रहिवाशांचे, येणाऱ्याजाणाऱ्यांचे होते. त्या डोळ्यांना चेहरे होते. शिवाय माणसं विसरतात. खांबावरचा पाचवा दिसत नाही, उत्तर देत नाही, आणि कुणी पुसायला लावल्याखेरीज विसरत नाही.

हा पाचवा सभ्य करता येईल का? ॲमस्टरडॅममध्ये तसे प्रयत्न झाले आहेत. 2021च्या डिसेंबरपासून तिथे सार्वजनिक जागेत संवेदक बसवणाऱ्याला महापालिकेकडे नोंद करावी लागते, आणि तो कुठे आहे हे नागरिकांना नकाशावर पाहता येतं. गर्दी मोजणाऱ्या कॅमेऱ्याला झडप लावण्याचा प्रयोगही तिथे झाला. मोजणी नसेल तेव्हा झडप मिटलेली. खरं तर कॅमेरा आतल्या आतही बंद करता आला असता. पण मग रस्त्यावरच्या माणसाला केवळ शब्दावर विश्वास ठेवावा लागला असता. झडप मिटलेली त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. सॅन डिएगोच्या खांबात नेमकी हीच सोय नव्हती.

आपल्याकडे 2015 साली सुरू झालेल्या स्मार्ट सिटी अभियानात शंभर शहरं निवडली गेली आणि त्या सर्वांत नियंत्रण कक्ष उभे राहिले. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. केवळ सार्वजनिक जागेत आल्यामुळे माणूस तो गमावत नाही, असंही निकालात म्हटलं आहे. तरी चौकातली पाटी एवढंच सांगते, की आपण कॅमेऱ्याच्या निगराणीखाली आहात. कुणाच्या, कशासाठी, किती दिवस, हे त्या पाटीवर सहसा नसतं.

आणि ही पाटी सर्वांना सारखी लागू होत नाही. ज्याला घर आहे त्याच्यासाठी रस्ता म्हणजे दिवसाचे दोन-तीन तास. दार लावून घेतलं की निगराणी संपली. ज्याची पथारी फुटपाथवर आहे, जो तिथेच विकतो, जेवतो, झोपतो, त्याचं सगळं आयुष्यच सार्वजनिक जागेत आहे. त्याला लावायला दार नाही. जबाबदारीचं माप घ्यायचं तर त्याच्यापासून घ्यायला हवं.

म्हणून खांब उभारण्याआधीच आराखड्यात दोन रकाने हवेत. हे यंत्र काय जाणून घेणार, आणि काय जाणून घेणार नाही. दुसरा रकाना फुकट भरता येत नाही. जे साठवलं नाही ते उद्या पुरावा म्हणून हाती येणार नाही. एखादा चोर सुटेलही. हे लपवून ‘सुरक्षितही आणि खासगीही’ असं आश्वासन देणं मला अप्रामाणिक वाटतं. किंमत उघड सांगावी, आणि ती मोजायची की नाही हे त्या त्या गावाने चारचौघांत बसून ठरवावं.