पाळकांचे स्मरण कसे करावे?

वृद्ध पाळक प्रभूमध्ये झोपी गेले म्हणजे स्मरणसभेत आपण त्यांचे केवळ गुण गातो. दोष झाकणे हाच आदर, असे पुष्कळांस वाटते. परंतु हे खरे स्मरण होय काय?

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली मिशनचे वेतन सोडले, पण सेवा सोडली नाही. त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापिला व १९१९ साली ते प्रभूकडे गेले. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'त लक्ष्मीबाईंनी त्यांचा तापट स्वभाव लपविला नाही. आणि ज्या लेखणीने हे लिहिले, तिनेच त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' प्रीतीने पुरे केले. तेणेकरून टिळकांची थोरवी उणी झाली काय? मुळीच नाही. मातीच्या भांड्यात देवाने ठेवलेले धन तेथे अधिकच स्पष्ट दिसते.

पुढाऱ्यांची आठवण करून त्यांच्या विश्वासाचे अनुकरण करावे, असे इब्री लोकांस पत्रात सांगितले आहे. निर्दोष मूर्तीचे अनुकरण कोण करील? "ते थोर, आम्ही पामर," असे म्हणून आपण मोकळे होऊ. यास्तव, बंधुभगिनींनो, आपल्या पाळकांचे स्मरण प्रीतीने व सत्याने करू या. ज्या कृपेने त्यांस घडविले, ती आपणांसही घडविण्यास समर्थ आहे.