डोक्यावरची किंमत



आपली मुले संगणकावर अंतराळातील लढायांचे खेळ खेळतात. २००३ साली सुरू झालेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या खेळात, आपले यान लुटणाऱ्याच्या डोक्यावर खेळाडूला बक्षीस लावता येत असे. पण लुटारू आपल्याच मित्राच्या हातून खोटा ‘मरे’ आणि दोघे ती रक्कम वाटून घेत!

भुसावळहून गाडी खंडव्याकडे निघाली की निमाड लागतो. तिथल्या तंट्या भिल्लावर इंग्रज सरकारने इनाम लावले होते. मानलेल्या बहिणीच्या नवऱ्यानेच त्याला पकडून दिले आणि १८८९ साली जबलपूरला तो फासावर गेला. यहूदालाही तीस नाणी पुरली. इनामासाठी धावणाऱ्याला न्यायाशी देणेघेणे नसते.

मग गुन्ह्याला शिक्षा नको काय? हवीच. देवाने काईनाला भावाच्या रक्ताचा जाब विचारला, शिक्षाही दिली. पण भेटेल तो आपल्याला ठार मारील, असे काईन म्हणाला तेव्हा कोणी त्याला मारू नये म्हणून देवाने त्याच्यावर खूण केली.

आपणही मनात कोणाकोणाच्या डोक्यावर किंमत लावून ठेवतो. आज मिस्सात एकमेकांना शांती देताना त्यातले एक तरी नाव पुसून टाकू या.