सहा अंशांचं काय करायचं?

हात किती वर जातो हे मोजायला फिजिओथेरपिस्टकडे एक साधं साधन असतं, गोनिओमीटर. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब पट्ट्या लावल्या की जसं दिसेल तसं. एक पट्टी धडाला समांतर, दुसरी दंडावर, मधली खीळ खांद्यावर. निरोगी खांदा समोरून सुमारे 180 अंश वर जातो. फ्रोझन शोल्डर कधीकधी 90लाच अडतो. फाइलवर आकडा पडतो आणि पुढे सगळे त्या आकड्याशीच बोलू लागतात.

चारकोपमध्ये आमच्या आईचा खांदा असाच धरला. तिला डायबेटिस आहे आणि डायबेटिस असणाऱ्यांत हा त्रास जास्त दिसतो. सोमवारी एका थेरपिस्टने 110 लिहिले, बुधवारी तिथल्याच दुसरीने 104. "दोन दिवसांत सहा अंश मागे गेले बघ," असं म्हणून आईने त्या संध्याकाळी व्यायाम केलाच नाही. दोरीवर कपडे वाळत घालताना तिचा हात मात्र आदल्या आठवड्यापेक्षा वर जात होता.

खांद्याची ही मोजमापं किती भरवशाची, हे 1987 साली रिडल, रॉथस्टीन आणि लॅम्ब या अमेरिकी संशोधकांनी प्रत्यक्ष पेशंटवर तपासलं. त्याच थेरपिस्टने पुन्हा मोजलं तर आकडे छान जुळले. माणूस बदलला तेव्हा हात वर किंवा बाजूला नेण्याचे आकडे बऱ्यापैकी जुळले, पण हात मागे नेणं, आतल्या बाजूला फिरवणं यांत जुळणी कमकुवत निघाली. यात कुणाचा निष्काळजीपणा असेलच असं नाही. हाताबरोबर पाठीचं चपटं हाडही सरकतं. कुणी ते दाबून धरतं, कुणी नाही. पेशंट कंबरेतून वाकून दोन-चार अंश चोरतो. हात त्याने स्वतः उचलला की थेरपिस्टने उचलून दिला, यानेही फरक पडतो.

मग आकडा सांगताना ही अनिश्चितताही सांगावी का? काही जण म्हणतात, नको, पेशंटचा विश्वास उडेल. मला हे पटत नाही. एकदाच मोजून कुणी "सर्व्हर फास्ट झाला" म्हणालं, तर आमच्या ऑफिसात पहिला प्रश्न येतो: कितीदा मोजलंस? यंत्राला जो संशयाचा फायदा आपण देतो, तो माणसाच्या शरीराला का नाकारायचा? "एवढा फरक मोजण्यातही पडतो," हे एक वाक्य आईला पुरलं असतं.

क्लिनिकमध्ये फार तर एका संध्याकाळचा व्यायाम बुडतो. काही ठिकाणी किंमत मोठी असते. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अनेक सवलतींसाठी 40 टक्क्यांची रेष आहे आणि हाताचं अपंगत्व ठरवताना सांध्यांची हालचालही मोजली जाते. रेषेला घासून उभ्या असलेल्या माणसासाठी कोण मोजतंय यावरही निकाल ठरू शकतो. रेष कुठेतरी आखावीच लागते, हे मान्य. पण मोजमाप हलतं हे माहीत असूनही त्या हलण्याचा सगळा भार मोजल्या जाणाऱ्यानेच उचलायचा, हा न्याय नाही. रेषेजवळ आकडा आला की पुन्हा मोजावं, दुसऱ्याकडूनही मोजून घ्यावं. तरीही शंका उरली, तर कौल माणसाच्या बाजूने द्यावा.

गोनिओमीटर खोटं बोलत नाही. त्याच्या आकड्यावर त्याने न केलेला दावा आपण चिकटवतो, आणि त्याची जबाबदारी आपलीच असते.