हेमंतातले बळ कोणाचे?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात शरीरबळाचे तीन प्रकार सांगितले आहेत: सहज, कालज आणि युक्तिकृत. सहज बळ जन्मतः मिळते, कालज बळ ऋतू आणि वय यांमुळे येते, तर युक्तिकृत बळ आहार, विहार आणि औषध यांच्या योग्य योजनेतून कमवावे लागते. रोगाशी झुंजण्याच्या शक्तीला आयुर्वेदात व्याधिक्षमत्व म्हणतात. अकराव्या शतकातील टीकाकार चक्रपाणिदत्ताने तिची दोन कामे सांगितली: झालेल्या रोगाचा जोर मोडणे आणि नवा रोग होऊ न देणे. निरोगी राहण्यात माणसाची स्वतःची कमाई किती आणि आजारी पडण्यात त्याचा दोष किती, या धर्मविचारातील प्रश्नाकडे या विभागणीतून पाहता येते.

कालज बळ हेमंतात, म्हणजे मार्गशीर्ष-पौषात, आणि शिशिरात सर्वांत जास्त असते. सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायातील उपपत्ती अशी: बाहेरच्या थंडीमुळे शरीरातील उष्णता आत कोंडली जाते, जठराग्नी प्रखर होतो आणि जड अन्नही पचवतो. पण या अग्नीला पुरेसे इंधन मिळाले नाही, तर तो शरीरातील रसच जाळू लागतो. म्हणून स्निग्ध अन्न, दूध, उसाचे पदार्थ, नवा तांदूळ, तेलाचा अभ्यंग, गरम पाणी आणि ऊबदार निवारा सांगितला आहे. ऋतूने दिलेले बळ टिकवायलाही साधने लागतात. ज्याच्या घरात ती नाहीत, त्याची भूक थंडीत वाढते आणि शरीर झिजते. हिवाळ्याच्या आरोग्यावर लिहिताना ही बाजू सहसा सुटते.

महाराष्ट्रात ही ऋतुचर्या देवघरातून स्वयंपाकघरात आली. सूर्य धनू राशीत असताना धुंधुरमासात पहाटे मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी आणि वांग्याचे भरीत यांचा नैवेद्य दाखवून उजाडताच जेवण्याची रीत आहे. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि घेवडा, हरभरा, गाजर, वांगे यांची मिसळीची भाजी होते. पुढच्या दिवशी, संक्रांतीला, तिळगूळ वाटतात. अन्न आधी देवापुढे ठेवायचे आणि मग वाटून खायचे, या क्रमामुळे अंगात येणारे बळ एकट्याचे राहत नाही.

कमाई आणि दोषाच्या या प्रश्नाचा गाभा चरकसंहितेच्याच विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. पांचाल देशातील कांपिल्य नगरीजवळ, गंगाकाठच्या वनात उन्हाळ्याच्या शेवटी फिरत असताना गुरू पुनर्वसू आत्रेय शिष्य अग्निवेशाला साथींविषयी सांगतात. अग्निवेशाची शंका रास्त आहे: माणसांची प्रकृती, आहार, वय आणि सवयी वेगवेगळ्या असताना सगळे एकदम आजारी कसे पडतात? वारा, पाणी, भूमी आणि काळ ही चारही सर्वांची सामाईक असतात आणि ती बिघडली की सर्वांना बाधतात, असे उत्तर मिळते. या बिघाडाचे मूळ अधर्म आहे आणि त्याची सुरुवात राज्यकर्त्यांपासून होते, हेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. अधर्म हा शब्द आला म्हणून रुग्णाच्या माथी पाप मारण्याला येथे आधार नाही; बोट सत्तेकडे आहे.

याच संवादात पुढे आयुष्य ठरलेले असते का, हा प्रश्न येतो. सर्वांचे आयुष्य नियत असते तर औषध, मंत्र आणि उपाय यांची गरज उरली नसती, पिसाळलेल्या हत्तीला कोणी भ्यायलेही नसते, असे आत्रेय म्हणतात. त्यांनी गाडीच्या आसाचा दाखला दिला आहे. चांगला आस नीट वापरला तर पूर्ण झिजेपर्यंत टिकतो. जास्त भार, खडबडीत वाट किंवा वंगणाचा अभाव असला तर मध्येच मोडतो. दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, यांत जे बलवान, ते दुसऱ्यावर मात करते. ही भूमिका नियतिवादाची नाही. प्रयत्नाने सारे साधते असा दावाही ती करत नाही.

आजचे ज्ञान या मताच्या जवळ येते. थंड, कोरड्या हवेत अनेक श्वसनविषाणू जास्त वेळ टिकतात आणि लोक बंद खोल्यांत जवळजवळ बसतात, म्हणून सर्दी-पडसे पसरते. प्रतिकारशक्ती ही हवी तितकी वाढवत न्यावी अशी एकच शक्ती नाही. तिचा भलत्या दिशेने झालेला अतिरेक म्हणजे ॲलर्जी आणि स्वयंप्रतिकार रोग. त्यामुळे काढा किंवा चूर्ण रोज घेतले की आजार शिवणार नाही, हे आश्वासन खोटे ठरते. झोप, पुरेसे जेवण, व्यायाम, हात धुणे, खेळती हवा आणि वृद्धांसाठी फ्लूची लस यांचा उपयोग आहे. लस तर शेजाऱ्यालाही काही अंशी राखते. देवीचा रोग 1980 मध्ये जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले, ते लसीकरणाच्या सामूहिक पुरुषकाराचे फळ होते.

उरतो तो व्रतांचा प्रश्न. माघस्नानात पहाटे थंड पाण्यात उतरणे पुण्यप्रद मानले आहे, तर ऋतुचर्या त्याच काळात गरम पाणी सांगते. चरकाने माणसाच्या तीन एषणांत, म्हणजे मूळ इच्छांत, प्राणैषणेला (जगण्याच्या इच्छेला) पहिले स्थान दिले, धन आणि परलोक त्यानंतर येतात, कारण प्राण गेले की सारेच जाते. धर्मशास्त्रानेही आजारी आणि अशक्त माणसाला थंड पाण्याची सक्ती केलेली नाही. त्याच्यासाठी मंत्रस्नान आणि भस्मस्नान असे पर्याय सांगितले असून, त्यांनी स्नानाचे कर्तव्य पुरे होते.