न दुखणाऱ्या दुखण्याचा धर्म

दुखणे म्हणजे जे दुखते ते, अशी आपल्या भाषेचीच समजूत आहे. ताप चढला, हाड मोडले, दाढ ठणकली, की माणूस आपण होऊन वैद्याचे दार गाठतो. तेथे कोणाच्या उपदेशाची गरज पडत नाही. परंतु जे दुखणे वर्षानुवर्षे दुखतच नाही आणि तरीही आतून पोखरीत राहते, त्याच्या बाबतीत आपले कर्तव्य कोणते? मधुमेह हा अशा दुखण्यांत अग्रगण्य होय. त्याचा घाव पुष्कळदा हृदयावर पडतो, आणि त्या घावाचा भार एकट्या रोग्याला वाहावा लागत नाही. म्हणून हा प्रश्न केवळ वैद्यकाचा न राहता नीतीचा होतो.

आपल्या शास्त्रकारांनी ज्ञानाची जी साधने सांगितली त्यांत प्रत्यक्ष पहिले व अनुमान दुसरे. मधुमेहात प्रत्यक्ष फसविते. रक्तात साखर वाढली तरी बहुधा ती जाणवत नाही. तिच्यामुळे रक्तवाहिन्यांचे आतले नाजूक अस्तर बिघडते, तेथे मेद साचू लागतो, रक्तदाबाची जोड मिळाली म्हणजे हे काम अधिकच वेगाने होते. आणि हे सर्व चालू असता गृहस्थ मात्र शेतात, दुकानात, देवळात नेहमीसारखा वावरत असतो. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की, दीर्घकाळच्या मधुमेहाने मज्जातंतू बधिर झाले म्हणजे हृदयविकाराचा झटका येऊनही छातीत कळ येईलच असे नाही. थोडा दम लागतो, घाम सुटतो, मळमळते, अंगातली शक्ती गेल्यासारखी वाटते. आणि घरची मंडळी पित्त झाले असे समजून आमसुलाचे पाणी पुढे करतात.

डोळ्यांचा पुरावाही असाच कच्चा. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या एका इंग्रज सहकाऱ्यासमवेत काढलेले छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु इंग्रज गृहस्थांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के. पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत त्यांनी जन्मलेल्या बालकांचा अभ्यास केला, तेव्हा सरासरी २.७ किलो वजनाच्या आपल्या बाळांत मांस कमी, पण चरबी इंग्लंडच्या ३.५ किलोच्या बाळांच्या मानाने फारशी घटलेली नाही, असे आढळले. ‘तो तर काटक, त्याला कसला मधुमेह?’ हे आपल्या गावांत नित्य ऐकू येणारे वाक्य म्हणूनच अज्ञानमूलक आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे भारतात मधुमेही लोक १० कोटींच्या वर आहेत, आणि आपल्या शेजारच्या गोव्यात तर दर १०० प्रौढांमागे २६ जणांना हा रोग आहे. कुंभारवाड्याच्या कोणत्या घरी गोव्याचे सोयरेधायरे नाहीत?

देवस्थानाचे खजिनदार पेटी हातात उचलून ‘जड लागते आहे, हिशेब ठीक असावा’ असे म्हणाले तर सभासद ते चालवून घेणार नाहीत. ते कीर्द मागतील. शरीरालाही अशी कीर्द आहे. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्या काळातील साखरेची खूण त्यांच्यावर राहते. एका तपासणीने मागील तीन महिन्यांचा जमाखर्च कळतो. आदल्या दिवशी उपास करून त्या कीर्दीत खाडाखोड करता येत नाही.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. वडीलधारी माणसे म्हणतात, “देह माझा, आयुष्य माझे, आता किती दिवस उरले? खाऊ द्या, मरण यायचे तेव्हा येईल.” ह्यात वैराग्याचा भास आहे. परंतु हा युक्तिवाद मरण गृहीत धरतो, आणि मधुमेह मरण तेवढे लवकर देतोच असे नाही. तो पुष्कळदा दुबळे हृदय देतो: पाय सुजलेले, आडवे पडताच श्वास कोंडणारा, रात्र उशांना टेकून बसून काढावी लागणारी. त्या रात्री दिवा लावून कोणी तरी शेजारी जागत असते. बहुधा सून, मुलगी किंवा स्वतःच थकलेली पत्नी. देह माझा, हे खरे. पण जागरण दुसऱ्याचे. ज्या भोगाचे मोल दुसऱ्याने चुकवावयाचे, त्याला वैराग्य म्हणणे मला तरी कठीण वाटते.

आणि प्रयत्नाला फळ नाही असेही नव्हे. कोपनहेगन येथे १६० मधुमेही रुग्णांचे दोन समान गट करून एकाला नेहमीचे उपचार देण्यात आले. दुसऱ्याच्या साखरेबरोबरच रक्तदाब, रक्तातील मेद, आहार, चालणे ह्या सर्वांकडे सुमारे आठ वर्षे कसून लक्ष पुरविले. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सुमारे तेरा वर्षांत पहिल्या गटातील ८० पैकी ४० निवर्तले, दुसऱ्यातील २४. त्याच वर्षी अमेरिकेतील दुसऱ्या एका मोठ्या प्रयोगात मात्र साखर हट्टाने फारच खाली आणू पाहिली तेव्हा मृत्यू कमी न होता वाढले, आणि तो भाग थांबवावा लागला. अशक्त वृद्धांच्या बाबतीत डॉक्टर स्वतःच बंधने सैल करतात. तेव्हा आजोबांच्या हातचा पायसाचा चमचा हिसकावून घेणाऱ्या नातवाने आपण पुण्य जोडले असे समजू नये.

आता आपल्या पंगतीविषयी. संतर्पणात वाढपी पानावर मणगण्याची दुसरी पळी ओततो, पाहुणा ‘पुरे’ म्हणतो, आणि ‘देवाचा प्रसाद, नाही म्हणू नये’ असे म्हणून तिसरी पडते. आग्रह हे प्रेमाचे रूप आहे; किंबहुना आपल्या गरीब गावांत दुसरे देण्यासारखे नव्हते तेव्हा ते प्रेमाचे एकमेव रूप होते. पण प्रसाद कणमात्र घेतला तरी पूर्णच असतो, हे आपणच मानतो. मग जो माणूस चारचौघांत आपला रोग उघड न करता ‘पुरे’ म्हणतो, त्याला तो उच्चारावयास भाग पाडणे हे आतिथ्य कसे? व्रतांचेही तसेच. साबुदाणा आणि बटाटा हे साखरेचेच सोयरे, ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण काही उगीच पडलेली नाही. उलट गोळ्या वा इन्शुलिन घेऊन निराहार राहणारा रोगी साखर एकदम उतरून शुद्ध हरपू शकतो. व्रत धरण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे. त्याने संकल्पास उणेपणा येत नाही.

चरकाने ह्या रोगाच्या कारणांत बसण्याचे सुख आणि झोपेचे सुख गणले आहे. सुश्रुताने धनहीन प्रमेही माणसाला भिक्षान्नावर राहून, छत्री व पादत्राणांवाचून, शंभर योजने चालावयास सांगितले. (पादत्राणांपुरते आज सुश्रुताचे ऐकू नये, बधिर पायाला काटा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळते.) उळवीच्या जत्रेला पायी जाणाऱ्यांच्या आपल्या मुलखाला हे चालणे परके नव्हते; दुचाक्या आल्या आणि देवळापर्यंतचीही वाट पायांखालून गेली. जोयड्याच्या कंदमेळ्यातील कंदांना काही लोक औषध समजू लागले आहेत. ते रानचे उत्तम अन्न खरे, पण पिष्टच, भाताच्या जागी घ्यावे, भाताच्या जोडीला नव्हे.

शेवटी भूगोल आहेच. आपण राहतो ते रानात; मोठे रुग्णालय कारवारला, अणशी घाटाच्या खाली, आणि पावसाळ्यात दरड कोसळली तर तोही मार्ग अडतो. मधुमेही माणसाला रात्री अकारण घाम फुटला, तर आधी साखर तपासावी, उतरलेली असल्यास गोड द्यावे. साखर ठीक असून घाम वा दम राहिला, तर छातीत दुखत नाही म्हणून पहाटेची वाट पाहू नये. शेजाऱ्याला उठवून वाहन काढावे आणि जवळच्या दवाखान्यात हृदयाचा आलेख काढवून घ्यावा. नुसते पित्तच निघाले, तर हसत परत यावे, आणि शेजाऱ्यानेही झोपमोडीचा राग धरू नये.