उबवणाऱ्याचं देणं

ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला बिअर्डेड ड्रॅगन हा सरडा आता जगभर घरांतल्या काचपेट्यांत वाढतो. मादी एका वेळी साधारण वीस अंडी घालते. ती दमट व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओलावा धरून ठेवणाऱ्या खनिज कणांत) २८ ते ३१ अंश सेल्सिअसला उबवली, की सुमारे दोन महिन्यांत पिलं निघतात. तापमान ३२ अंशांच्या वर गेलं, तर गुणसूत्रांनी नर असलेले गर्भही मादी होऊ लागतात. रानातही असं घडतं, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं. म्हणजे उबवणपेटीचं बटण फिरवणारा माणूस कुणी जन्मावं आणि काय म्हणून जन्मावं, दोन्ही ठरवू शकतो. मग त्या जिवांचं देणं तोच लागतो. आणि ते अंडी फुटल्यावर नव्हे, नर-मादी एकत्र सोडल्यापासून.

यावर कुणी म्हणेल, रानात बहुतेक पिलं मरतातच, घरात निदान जगतात. पण रानातल्या मरणामागे माणसाचा निर्णय नसतो, इथे असतो. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: जादा अंडी उबवण्याऐवजी गोठवून त्यांची वाढ थांबवणं ही हिंसा नाही का? अंडं बाहेर येतं तेव्हा गर्भाची वाढ सुरू झालेली असते, त्यामुळे अहिंसा मानणाऱ्याला ‘नुसतं अंडं’ म्हणून सुटता येत नाही. तरी पहिल्याच दिवशी वाढ थांबवण्यापेक्षा, वीस पिलं एकमेकांची बोटं-शेपट्या चावत राहतील अशी एका पेटीत कोंडणं हे मोठं पाप. मादी एका समागमाचं वीर्य साठवून पुढेही फलित अंडी घालू शकते; ‘एकदाच करून पाहू’ ही सबबही टिकत नाही. पिलांसाठी घरं आधी ठरलेली नसतील, तर जोडी लावूच नये.